चोविसावं चित्र

आषाढात पूर्णगडाच्या तटावरून मुचकुंदीची खाडी पाहावी. चिनी निसर्गचित्रकार अर्धा कागद कोरा का सोडत, ते कळतं. पाऊस पलीकडची गावखडी पुसून टाकतो, पूल मध्येच विरतो, सुरूचं बन एका फिकट रेघेपुरतं उरतं. अशा चित्रांत माणूस बहुधा शाईच्या ठिपक्याएवढा.

शेतकऱ्याला अख्खा देह मिळाला तो वेगळ्या चित्रमालेत. बाराव्या शतकात लोउ शू नावाच्या अधिकाऱ्याने नांगरणी-विणकामाची चित्रं केली. त्यात भातशेतीची 21. 1696 साली कांगशी बादशहासाठी च्याओ पिंगचनने ती नव्याने काढली, शेतीची 23 झाली. बी भिजवणं, चिखलणी, रोपं उपटणं, लावणी, बेणणी, कापणी, झोडणी. सगळा क्रम आपलाच; राब भाजल्याचा धूर तेवढा नाही. शेवटी देवाची पूजा, जशी आपल्याकडे नव्या लोंब्या दाराला बांधून व्हायची.

बादशहाला दाखवायचं म्हणून चिखल मात्र बेताचा, माणसं कशी नीटनेटकी! लावणीच्या चौथ्या दिवशी बोटांच्या बेचक्यांत कुजणारी कातडी दरबारात कोण नेणार?

तरी त्यांना कोणीतरी काढलं. उत्तरेला डहाणूकडच्या वारल्यांनी तांदळाच्याच पिठाने आपली शेती भिंतीवर आणली, जिव्या सोमा म्हसे यांनी ती जगभर नेली. आणि तुम्ही, बायांनो? पैऱ्याने एकमेकींच्या मळ्यात उतरणाऱ्या, कासोटा खोचून, मूठ सोडवत मागे मागे सरकणाऱ्या. ओल्या इरल्याचं ओझं पाठीवर, पण दोन्ही हात मोकळे. चिनी शेतकऱ्याच्या गवती झग्याची आणि तुमच्या इरल्याची जात एकच: वाकलेल्या माणसासाठी बेतलेली. पुढे प्लास्टिक आलं, हलकं आणि स्वस्त. त्याला नावं कशाला ठेवा, तुमच्या मानेला तेवढाच आराम. मग मुलं मुंबईला गेली, जोत विकलं गेलं, आणि एकेक करून तुम्हीही गेलात. तुमच्यातल्या कितीजणींचा फोटो निघाला तो आधारकार्डापुरता.

पूजेनंतरचं चोविसावं चित्र च्याओने काढलं नाही. त्यात बांध गवतात बुडालेत. वर कातळाच्या कडेला हापूसच्या कलमांतून नेपाळहून आलेला गडी फवारणीचा पंप पाठीला लावून चाललाय. गाव त्याला ‘गुरखा’ एवढीच हाक मारतं. कोणी काढणार असेल त्याला, तर आधी चेहरा काढा, पंप नंतर.