रिकाम्या आसनाचे मोल

बँकेत कर्जप्रस्ताव तपासताना मी एक प्रश्न आवर्जून विचारीत असे : आज न विकलेला माल उद्या किती किमतीचा राहील? कापड उरते, भांडी उरतात. विमान उडाले की रिकाम्या आसनाचे मोल शून्य.

याच जाणिवेवर अमेरिकेत जे वॉकर यांनी प्राइसलाइन उभारली. १९९८ पासून तिथे प्रवासीच भाव सांगू लागला. विमान कंपनीचे नाव पैसे भरेपर्यंत गुप्त राही. त्यामुळे जाहीर भाव न मोडता उरलेली आसने खपत. बोलीसोबत क्रेडिट कार्डाचा क्रमांक द्यावा लागे आणि बोली स्वीकारली गेल्यास माघार नसे. आपल्या इसारापेक्षाही हे बंधन कडक होते.

वॉकर यांच्याच दुसऱ्या कंपनीने हीच रीत किराणा व पेट्रोलला लावली. तो माल विमानाच्या आसनासारखा क्षणात वाया जाणारा नव्हता. उत्पादक सूट देईनात, म्हणून फरक कंपनीच सोसू लागली. २००० सालीच तो व्यवहार बंद पडला. प्राइसलाइनचा शेअरही त्या वर्षअखेरीस दोन डॉलरच्याही खाली घसरला.

२००५ मध्ये प्राइसलाइनने नेदरलँड्समधील बुकिंग डॉट कॉम सुमारे १३ कोटी ३० लाख डॉलरना घेतली. तिथली तेव्हाची रीत आपल्या आडतीसारखी : पाहुण्याने पैसे हॉटेलात द्यावेत, हॉटेलने मागाहून दलाली द्यावी. खरी भरभराट यातूनच झाली. २०१८ मध्ये मूळ कंपनीने ‘बुकिंग’ हेच नाव धारण केले.

आपल्या घरांतील तरुण दुकानावर सवलतीचा फलक लावतात, तेव्हा त्यांनी एवढेच तपासावे : ही सूट वाया जाणाऱ्या मालातून निघते आहे, की भांडवलातून?