लाल पेन्सिलीचा हंगाम

कालव्याच्या खात्यात वर्षाचे ऋतू दोनच. दिवाळी उरकली, फराळाचे डबे तळाला लागले, की कामांचा ऋतू सुरू व्हायचा. आणि मृगाचा दमदार पाऊस नीरेच्या खोऱ्यात उतरला की कागदांचा. आठ महिने पाटाच्या कडेला पत्र्याच्या शेडमध्ये राहून रापलेले शाखा अभियंते, ज्यांना आम्ही सरसकट रावसाहेब म्हणायचो, ते पाऊस लागला की ठिबकत्या छत्र्या आणि खांद्याला शबनम अशा थाटात फलटणच्या आमच्या उपविभागाच्या कचेरीत यायचे, कोपऱ्यात छत्री उघडीच ठेवायचे, आणि चहा यायच्या आत त्या पिशवीतून एक सुरळी काढून माझ्या टेबलावर टाकायचे. ती सुरळी म्हणजे साइटवरची प्रिंट. घड्यांवर फाटलेली, मागून जुन्या पाकिटांच्या पट्ट्यांनी सांधलेली, एका कडेला चहाच्या कपाचं तपकिरी वर्तुळ, दुसऱ्या कडेला चुन्याच्या अंगठ्याचा ठसा, आणि उलगडताना तिच्यातून सिमेंटची भुकटी झडायची ती थेट माझ्या नव्या पँटवर. तिला वास यायचा काळ्या मातीचा, विडीचा आणि कंदिलातल्या रॉकेलचा. आणि तिच्यावर सगळीकडे, रेघांच्या मधून, रेघांच्या डोक्यावरून, आकड्यांना काट मारत, लाल पेन्सिल फिरलेली असायची.

मी तिथे १९७४च्या पावसाळ्यात लागलो, अनुरेखक म्हणून. ट्रेसर. खात्याच्या शिडीची अगदी खालची पायरी. पण हे खात्याला वाटायचं, मला नाही. माझ्याकडे रोट्रिंगचे पेन होते, मामानं मुंबईहून आणून दिलेले, आणि त्यांच्या जोरावर आपण कालव्याचे नसून अजिंठ्याचे चित्रकार आहोत अशी माझी पक्की समजूत होती. इंग्रजी सात काढताना त्याच्या पोटात आडवी रेघ द्यायची, एकाच्या डोक्याला लांब शेंडी ठेवायची, उत्तर दिशेच्या बाणाला पिसं लावायची असली कारागिरी मी करत असे, आणि संकल्पचित्रातली जलसेतूची ती डौलदार, सरळ, निष्कलंक उभी भिंत पाहून मन भरून आलेलं असताना हे चिखलाळ लाल ओरखडे म्हणजे एखाद्या अडाणी माणसानं केलेला अपमान वाटायचा.

आमचे हेड ड्राफ्ट्समन मात्र ती प्रिंट दोन्ही तळहातांनी निरी मोडावी तशी हळुवार सपाट करायचे, चष्मा कपाळावर चढवायचे आणि लाल तेवढंच वाचायचे. ‘‘काळं तर पुण्यात बसूनसुद्धा काढता येतं,’’ म्हणायचे. लाल रेघ सांगायची की पाया संकल्पचित्रात जिथे थांबला होता तिथे प्रत्यक्षात नुसता मुरूम निघाला, त्याखाली मांजऱ्या, आणि कातळ लागेपर्यंत आणखी खोल जावं लागलं. ती सांगायची की मोरी चार मीटर पुढे सरकली, कारण मूळ जागी कुणाची तरी विहीर निघाली. की विमोचकाची तळपातळी बदलली, की तिसऱ्या आणि चौथ्या खांबाच्या मधे जुन्या दगडी बांधाचा एक तुकडा तसाच आत राहिला आहे, तो कुणी काढला नाही. हे शेवटचं काही रावसाहेब लिहायचे, काही लिहायचे नाहीत. न लिहिणाऱ्यांना हेड समोर बसवून घेत, चहा पाजत, पानाचा डबा पुढे करत, आणि गप्पांच्या ओघात, साखळी क्रमांकावर बोट ठेवून, पोटातलं काढून घेत. मग मोजमाप पुस्तक मागवून त्यातल्या खोदाईच्या आकड्यांशी ते ताडून बघत. ठेकेदाराचं शेवटचं बिल झाल्या कामाच्या नकाशावाचून निघत नसे, म्हणून हा मेळ घालण्याला थोडी धारही असायची. जास्तीच्या खोदाईचे पैसे मागायचे तर ती खोदाई नकाशातही दिसली पाहिजे, इतका साधा हिशोब.

मग माझं काम. मूळ ट्रेसिंगवर जे बदललं ते खरवडायचं आणि पुन्हा काढायचं. अर्धं मोडलेलं दाढीचं पातं घ्यायचं, ते कागदाला जवळजवळ आडवं धरायचं आणि शाईची रेघ खुडायची, कागद नाही. हात जड झाला की खळगा पडे. हलका राहिला की रेघेची सावली मागे उरे आणि ती प्रिंटमध्ये हटकून उमटे. खरवडून झालं की त्या जागेचे तंतू उभे राहिलेले असत, तिथे तशीच शाई लावली तर ती केसाळ सुरवंटागत फुटून पसरायची, म्हणून आधी अंगठ्याच्या नखानं ती जागा घोटायची, गोल गोल, उजेडात तिरपी धरून चमक परत आलेली दिसेपर्यंत. त्या घोटण्याचा एक बारीक आवाज असे, कच् कच् असा. पावसाची झड, कौलांवरून पडणारी पागोळी आणि चार टेबलांवर चार नखांचं कच् कच्. बाकी दुपारभर कचेरीत दुसरं काही ऐकू येत नसे.

कायमच्या नोंदीचे नकाशे ट्रेसिंग क्लॉथवर होत. खळ देऊन, घोटून कडक केलेलं ते निळसर, अर्धपारदर्शक कापड बोटांना थंड लागे, आणि शाई धरावी म्हणून आधी त्यावर खडूची पूड चोळून झटकावी लागे, त्यामुळे श्रावणभर आमच्या कोपरांना पूड लागलेली. पाण्याचा थेंब त्याला वर्ज्य. शिंक आली तर मान वळवून धावायचं. रद्द झालेलं क्लॉथ मात्र घरी गेलं की त्याचं नशीब उघडे: रात्रभर भिजवून खळ काढून टाकली की आतून असं तलम, मऊसूत कापड निघे की कचेरीतल्या निम्म्या लोकांचे हातरुमाल त्याचे होते, आणि एका भाऊसाहेबांच्या धाकट्या मुलीचं झबलं, ज्याच्या पाठीवर नीट पाहिलं तर सायफनचा पुसट छेद दिसायचा. कपाटाच्या तळाशी इंग्रजी अमदानीतले जाड कागद होते, पाठीला कापड लावलेले, फूट-इंचातले, ज्यांच्यावर दगडी बांधकाम जांभळट आणि पाणी फिकट निळ्या हातानं धुऊन रंगवलेलं होतं. ते उघडले की डांबरगोळ्यांचा वास नाकात चढे. कसरीनं एकदोन नकाशांच्या कडा कुरतडल्या होत्या, आकडे मात्र शाबूत.

एवढं सगळं आषाढ-श्रावणात होई. प्रिंट मात्र काढता येत नसे. कारण आमच्याकडे छपाईचं यंत्र म्हणजे सूर्य. मागच्या अंगणात सागवानी चौकट होती, वर जाड काच, पाठीला वाकळेचा थर आणि फळीचे खटके. काचेला लागून ट्रेसिंग, त्याच्यामागे अमोनियाचा पिवळसर कागद, आणि चौकट उन्हाकडे उलटायची. उजेड जिथे पोचतो तिथला कागदावरचा लेप मरतो, रेघेच्या सावलीत तो जगतो, आणि जगलेल्याला अमोनियाची वाफ मिळाली की तो रंग धरतो. एवढंच त्यातलं रसायन. पण ढगाळ आभाळाला हे कोण सांगणार? म्हणून गणपती जायचे, पितृपक्ष जायचा, आश्विनातलं ते अंग भाजणारं ऊन पडायचं, आणि मग एकदम घाई: दिवाळीच्या आत सगळ्या प्रती विभागाला आणि मंडळाला गेल्या पाहिजेत, कारण दिवाळीनंतर रावसाहेब मंडळी पुन्हा कालव्यावर.

चौकटीचे धनी आमचे शिपाईमामा. घड्याळ त्यांच्याकडे नव्हतं आणि लागतही नव्हतं. ते चौकटीपाशी उकिडवे बसून भीमरूपी म्हणत. लख्ख ऊन असेल तर एक आवर्तन, विरळ ढग असेल तर दोन, आणि मधेच सूर्य झाकला की मामा एका ओळीवर थांबून राहत, आभाळाकडे बघत, आणि ऊन आलं की त्याच अक्षरापासून पुढे. मी विज्ञान शिकलेला, तेव्हा एकदा वडिलांचं घड्याळ आणून मोजून दाखवायला गेलो. मामांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि पुढची चौकट स्तोत्रावरच उतरवली. तिची पार्श्वभूमी दुधासारखी पांढरी आली.

चौकटीतून निघालेला कागद जवळजवळ कोरा दिसे, पिवळ्या रेघांची नुसती शंका. त्याची सैल सुरळी करून ती पत्र्याच्या एका उभ्या नळकांड्यात सोडायची, बुडाला बशीत अमोनिया, वर झाकण. झाकण उचललं की डोळ्यांत टचकन पाणी आणि नाक कवटीपर्यंत मोकळं. सर्दीपडशाची मंडळी मुद्दाम तिथे हजेरी लावून जात. आणि सुरळी बाहेर काढून उलगडली की त्या पांढऱ्या कागदावर जांभळट निळ्या रेघा, खांब, पायऱ्या, मांजऱ्या, कातळ, माझे शेंडीवाले एक, सगळं हजर. हेड सांगत की त्यांच्या उमेदवारीत फेरो होता, म्हणजे निळ्या जमिनीवर पांढऱ्या रेघा, आणि तो छाप पाण्याच्या हौदात धुऊन दोरीवर वाळत घालावा लागे. ती युक्ती जॉन हर्शेल या इंग्रज खगोलशास्त्रज्ञानं १८४२ साली काढलेली, हे मी पुष्कळ नंतर वाचलं.

खंडेनवमीला टी-स्क्वेअर, सेटस्क्वेअर, फ्रेंच कर्व्ह आणि लेव्हलचं यंत्र एका टेबलावर मांडून झेंडूची माळ पडे, आणि मामा आठवणीनं एक बोट हळदकुंकू अंगणातल्या चौकटीला आणि एक त्या नळकांड्याला लावत. माझ्या रोट्रिंगांनाही लावलं. कुंकू निबेत गेलं आणि पुढे कितीतरी दिवस ०.३चा पेन किंचित लालसर उठायचा.

प्रती निघाल्या की टायटलच्या चौकटीत ‘प्रत्यक्ष झालेल्या कामाप्रमाणे’ असा शिक्का, त्याखाली सह्या, आणि मग घडी. एवढ्या मोठ्या कागदाची घडी अशी पडली पाहिजे की टायटल वर राहील आणि फायलीतून न काढताही नकाशा उलगडेल. ती मला येईपर्यंत हेडनी रद्दीच्या गठ्ठ्यावर माझा एक अख्खा महिना घालवला. घड्या घालताना ते गोष्टी सांगत, आणि त्यांतली लाडकी गोष्ट कोयनेची. तिथे बांधकाम चालू असतानाच उंचीचा बेत बदलला, खालचा भाग आधीच्या हिशोबानं उभा राहिलेला, त्यामुळे भिंतीचा मागचा उतार एका पातळीला एकदम बदलतो. ११ डिसेंबर १९६७च्या पहाटे भूकंप झाला तेव्हा उंच भिंतींना भेगा गेल्या त्या नेमक्या त्या पातळीच्या आसपास. मग मागच्या अंगाला काँक्रीटचे भक्कम टेकू देऊन १०३ मीटर उंचीचं ते धरण बळकट केलं. ‘‘आता सांगा,’’ हेड म्हणत, ‘‘आत काय आहे, कुठे वळलंय, हे कागदावर नसतं तर टेकू कुठे देणार होतात? अंदाजानं?’’ मी मान डोलवायचो, पण मनात बाणाच्या पिसांचाच विचार असायचा.

पुढे पुण्याहून विजेच्या नळ्यांचं यंत्र आलं, फिरत्या काचेचं. मामांचं स्तोत्र संपलं आणि पाऊस असतानाही प्रती निघू लागल्या. मग मोठे झेरॉक्स, मग संगणक, ऑटोकॅड, आणि खोलीभर रुंदीचा प्लॉटर, जो हूं हूं करत रंगीत नकाशा थुंकतो आणि ज्याच्यापाशी डोळ्यांतून पाणी येत नाही. मला त्याचं वाईट वाटत नाही. खरवडणं म्हणजे जन्मभराची मानदुखी होती, ती कुणाच्या वाट्याला का यावी? एक तेवढं खटकतं. संगणकात संकल्पचित्राचं नाव बदलून त्यालाच झाल्या कामाचा नकाशा म्हणणं फार सोपं झालंय. तसं ते आमच्या काळीही चालायचं, नुसता शिक्का मारून. पण तेव्हा आळस करायलाही एक सबंध प्रत छापावी लागे. आणि आमचे ते सुरेख अमोनियाचे छाप? उजेडात राहिले ते पिवळे पडून पुसट झाले. ज्या उन्हानं छापले त्यालाच ते सोसले नाहीत. क्लॉथवरची मूळ ट्रेसिंगं तेवढी टिकली.

परवा त्या कचेरीतून फोन आला. एका चारीच्या जागी जमिनीखालून बंद नळ टाकायचा बेत आहे आणि खोदण्याआधी खाली काय आहे ते बघायचंय. कपाट उघडलंय, पण वाचणारं कुणी नाही. गेलो. कनिष्ठ अभियंता म्हणून एक तरतरीत मुलगी, फोनवरच नकाशाचा फोटो मोठा करून म्हणाली, ‘‘काका, हा आकडा एक आहे की सात? ज्यांनी काढलाय त्यांचं अक्षर भलतंच नक्षीदार आहे.’’ कुणाचं ते मी सांगितलं नाही. ‘‘सात,’’ म्हणालो, ‘‘पोटात रेघ आहे बघा.’’ तिनं खालच्या छेदातल्या पातळ्यांची वजाबाकी करून सात येतात का ते ताडून पाहिलं, माझ्या शब्दावर विसंबली नाही. हे हेडना फार आवडलं असतं. सगळं कपाट स्कॅन करायचं तिच्या मनात आहे. वरच्या खणांत यंदा गळती झाली, चार-पाच सुरळ्या दमट लागल्या, तेव्हा तिनं शिपायाला हाक मारून त्या अंगणात पसरायला सांगितल्या, कडक ऊन आहे म्हणून. मी घाईनं उठलो. ‘‘क्लॉथ घ्या, पण प्रिंटा उन्हात नकोत,’’ म्हटलं, ‘‘व्हरांड्यात, सावलीत. आणि दिवाळीच्या आत आटपा, नंतर तुम्ही साइटवर असाल.’’