एका खाड्यात हैदराबाद

घरकाम करणाऱ्या बाईला रजा नसते, तिला असतो खाडा. महिन्यातले एक-दोन खाडे मालकीण कशीबशी सोसते, पुढच्याचे पैसे कापते, आणि लागोपाठ दोन दिवस बाई आली नाही तर दुसरी बघायला लागते. त्यामुळे आमच्या वस्तीतल्या महिलांची सहल काढायची म्हटली की प्रश्न एकच असायचा, एका खाड्यात जाऊन येता येईल असे ठिकाण कोणते? रामटेक झाले, कामठीचे ड्रॅगन पॅलेस झाले. त्यापुढे आमची मजल गेली नव्हती.

भिशीच्या बैठकीत एक मावशी म्हणाल्या, "एकदा विमानात बसून पाहू ना." सगळ्या हसल्या. मी मात्र वही उघडली. जवळच्या राजधान्यांपैकी हैदराबादला नागपूरहून थेट विमान आहे आणि सव्वा तासात पोचते. सकाळी जाऊन रात्री परत. सात जणींनी महिना चारशे रुपये बाजूला टाकायचे ठरले. सोळा महिन्यांत प्रत्येकीचे ६,४०० रुपये जमले.

मी बी. कॉम. झालेली, हिशेब झाकून ठेवत नाही. रेल्वेच्या स्लीपर डब्याने हैदराबादचे जाणे-येणे हजार रुपयांच्या आत होते. आम्हाला विमानाचे जाण्याचे २,४८० आणि येण्याचे २,७१० पडले. म्हणजे पाचपटीहून जास्त. रेल्वेने दोन रात्री डब्यात काढाव्या लागतात, गाडीला उशीर झाला तर दुसरा खाडा पडतो, हे सगळे खरे. पण तेवढ्यावर हा खर्च बसत नाही. या बायकांना विमानात बसायचे होते. दुसऱ्याच्या घरी बॅगा पुसून, कपड्यांच्या घड्या घालून ज्यांनी विमानाला जाणाऱ्यांची तयारी तीस वर्षे करून दिली, त्यांना आपणही एकदा बसावे असे वाटले, तर त्याला वेगळे कारण लागत नाही असे माझे मत आहे. वस्तीतले काही भाऊ म्हणाले, त्या पैशांत पोरांची फी भरली असती. पोरांची फी याच बाया भरतात, हे त्यांना मी तिथल्या तिथे ऐकवले. असो.

तिकीट तीन महिने आधी काढले. तारीख जवळ आली की भाडे चढत जाते. शनिवार-रविवार सोडून मधला वार धरला तर बरेचदा कमी पडते. स्वस्त विमान स्वस्त का, हेही बायकांनी विचारले. फुकट चहा-नाश्ता नाही, खुर्च्या सगळ्या एकाच दर्जाच्या, आणि तेच विमान दिवसभर फेऱ्या मारत राहते. आपल्या देशात ही पद्धत २००३ मध्ये एअर डेक्कनने सुरू केली. मात्र अशा तिकिटाची एक अट जाचक असते. रद्द केले तर हाती जवळजवळ काही येत नाही, आणि एकीच्या नावावर दुसरी जाऊ शकत नाही.

हीच अट आमच्या गळ्याशी आली. निघायच्या दोन दिवस आधी मावशींच्या एका मालकिणीने सांगितले, "पाहुणे येणार आहेत, खाडा चालणार नाही. नाही आलीस तर मी दुसरी बघते." मावशींचे वय साठीचे. ते घर गेले तर महिन्याचे अडीच हजार गेले. त्या रात्री त्या माझ्याकडे येऊन म्हणाल्या, "माझं तिकीट जळू दे, तुम्ही जा." मी समजावत बसले, पण माझ्या बोलण्याने काही झाले नाही. झाले ते गल्लीतल्या दोन पोरींमुळे. सहलीला त्या येणार नव्हत्या, भिशीतही नव्हत्या. त्यांनी मावशींची चारही घरे आपसांत वाटून घेतली. पाहुण्यांचे घर धाकटीने धरले. सकाळी सहालाच जाऊन भांडी घासली, संध्याकाळी पुन्हा गेली. एक पैसा घेतला नाही. सहलीच्या फोटोंत या दोघी कुठेच नाहीत, म्हणून त्यांच्याबद्दल इथे लिहिते.

सोनेगावच्या विमानतळाला बाबासाहेबांचे नाव आहे. बाहेरच्या रस्त्याने जाता-येता ते आम्ही शंभर वेळा वाचलेले. दारातून आत मात्र आमच्यातली एकही गेलेली नव्हती. इतक्या पहाटे मेट्रो सुरू नसते, म्हणून दोन ऑटो केले. हातातले सामान सात किलोच्या आत बसवले. आधार कार्ड गळ्यातल्या पिशवीत. मावशींच्या बटव्यातला अडकित्ता मी आदल्या रात्रीच काढून ठेवायला लावला आणि सुपारी कातरून पुडीत बांधून घेतली. काडेपेटी, लायटर, चाकू आत नेऊ देत नाहीत, हे भगिनींनी लक्षात ठेवावे. डब्यात पोळ्या आणि कोरडी भाजी होती, तिला कोणी हरकत घेतली नाही.

विमान उठताना कान दडले. नंतर काचेतून पाहून एकीने विचारले, "यातली आपली वस्ती कोणती?" तोवर खाली ढग आले होते.

शमशाबादचे विमानतळ शहरापासून लांब, पण तिथून सरकारी बस मिळते. तेलंगणात डिसेंबर २०२३ पासून बायकांना सरकारी बसमध्ये फुकट प्रवास आहे, पण तिथल्याच रहिवाशांना. आमचे आधार महाराष्ट्राचे, म्हणून पूर्ण तिकीट. "आपल्या एस्टीत निदान अर्धं तरी," अशी कुरकुर झाली.

हुसेन सागराच्या काठी, सचिवालयाजवळ बाबासाहेबांचा १२५ फुटी पुतळा आहे. १४ एप्रिल २०२३ रोजी त्याचे अनावरण झाले. शिल्पकार राम सुतार मूळचे आपल्या धुळे जिल्ह्यातले. आम्ही रस्त्यावरूनच वंदन केले. एवढा उंच पुतळा लांबूनच पुरा दिसतो. मग लुंबिनी पार्कमधून होडीने बुद्धमूर्तीपाशी गेलो. ही अखंड दगडाची मूर्ती १९९० मध्ये तराफ्यावरून नेताना तळ्यात बुडाली, सोबतच्या काही माणसांचा जीव गेला, आणि १९९२ च्या डिसेंबरात ती वर काढली. हे सांगितल्यावर मावशींनी मूर्तीपेक्षा पाण्याकडेच जास्त वेळ पाहिले.

दुपारी चारमिनार, १५९१ चा. वर चढलो नाही, गुडघे कोणाचेच धड नाहीत. लाड बाजारात बांगड्यांचा भाव करण्यात दीड तास गेला. गल्लीतल्या त्या दोघींसाठी लाखेच्या बांगड्या घेतल्या.

परतीला विमानतळावर फरशी पुसणाऱ्या बाईशी आमच्या बायकांची गट्टी जमली. मोडक्या हिंदीत पहिला प्रश्न पगाराचा, दुसरा ठेकेदाराचा. विमानाची वेळ झाली तरी हलेनात.

रात्री अकराला घरी. दुसऱ्या दिवशी मावशी कामावर गेल्या. मालकिणीने तिकिटाचा आकडा ऐकून विचारले, "आम्हाला कसं एवढ्यात मिळत नाही गं?" मावशी म्हणाल्या, "तीन महिने आधी काढा लागते, बाई."

बस, ऑटो, होडी, चहा-जेवण मिळून माणशी ९४० लागले. एकूण ६,१३०. प्रत्येकीचे उरलेले २७० रुपये भिशीच्या वहीत पुढे ओढले आहेत, आणि नवीन यादीत पहिली दोन नावे त्या गल्लीतल्या पोरींची आहेत.