पाय टेकतात का?

खुर्ची घ्यायला निघालेला माणूस आधी पाठ बघतो. ती किती उंच आहे, डोक्याला टेकू आहे का, कापड कसलं आहे. मला विचाराल तर सुरुवात खालून करावी. बसल्यावर दोन्ही तळपाय जमिनीवर सपाट टेकतात का, हे बघितल्याशिवाय पुढं जाऊच नये. पाय लोंबकळले की बैठकीची कड मांडीखाली रुतते, पोटऱ्यांना मुंग्या येतात, माणूस नकळत पुढं सरकतो. मग कमरेमागचा आधार कितीही महागाचा असो, त्याला पाठ लागतच नाही.

आपल्याकडं खुर्ची अंगाच्या मापानं दिली गेली नाही, हुद्द्यानं दिली गेली. कारकुनाला बिनहाताची, हेडक्लार्कला हातांची, साहेबाला उंच पाठीची फिरती आणि तिच्यावर पांढरा टॉवेल. उल्हासनगरच्या किंवा ओशिवऱ्याच्या फर्निचर बाजारात आजही ‘बॉस चेअर’, ‘स्टाफ चेअर’, ‘व्हिजिटर चेअर’ असंच ऐकू येतं. खरं तर साहेब दिवसभरात दहादा उठतो. सलग बसते ती बिलांची एंट्री करणारी मुलगी, आणि सगळ्यात कमी आधार तिच्याच वाट्याला येतो. हे मला फार खुपतं.

जुन्या कचेऱ्यांमधल्या वेताच्या खुर्चीबद्दल मात्र माझ्या मनात निव्वळ आदर आहे. तिची बैठक विणण्याचं काम बऱ्याच ठिकाणी अंध कारागिरांकडं असे. एका सरकारी कचेरीच्या व्हरांड्यात मी ते जवळून पाहिलंय. पाण्यात भिजवून मऊ केलेल्या वेताच्या पट्ट्या बादलीच्या काठावर ठेवलेल्या. कारागीर डाव्या अंगठ्यानं चौकटीचं भोक चाचपायचा, उजव्या हातानं पट्टी त्यातून ओवायचा आणि ती निसटू नये म्हणून खुंटी ठोकायचा. एक उभा फेर, एक आडवा, पुन्हा उभा, पुन्हा आडवा, मग दोन तिरके. त्यानंतर कुठं ती आठ कोनांच्या भोकांची जाळी उमटायची. पट्टीचा ताण तो बोटानं टिचकी मारून, आवाजावरून ओळखत होता. त्या जाळीतून वारा खेळतो, अंगाच्या भारानं ती जराशी लवते. एप्रिल-मे महिन्यात रेक्झिनवर पाठ चिकटलेल्या माणसाला तिची किंमत कळते. चंडीगडच्या कचेऱ्यांसाठी 1950च्या दशकात पिअर जानरे यांच्या देखरेखीखाली ज्या खुर्च्या घडल्या, त्याही सागवान आणि वेताच्याच.

अमेरिकेतल्या हर्मन मिलर कंपनीनं 1994 साली ‘एरॉन’ खुर्ची आणली. बिल स्टम्फ आणि डॉन चॅडविक या तिच्या रचनाकारांनी फोम काढून टाकला आणि चौकटीवर ताणलेली जाळी बसवली. आज दुकानादुकानांत जाळीची खुर्ची दिसते, ती त्याच वाटेनं आली. पण एरॉनची दुसरी गोष्ट आपल्या बाजारानं उचलली नाही, आणि मला तीच मोठी वाटते. ती खुर्ची चपलेसारखी तीन मापांत निघाली. लहान, मध्यम, मोठी.

माप नसलं की काय होतं, त्याचा हिशेब साधा आहे. पाच फूट उंचीच्या बाईचं गुडघ्यामागचं टोक अनवाणी असताना जमिनीपासून साधारण 15 इंचांवर येतं. बाजारातल्या बहुतेक फिरत्या खुर्च्यांची बैठक 17 इंचांच्या आसपास थांबते, त्याखाली उतरत नाही. त्यात आपलं टेबल असतं 30 इंचांचं. कीबोर्डवर हात ठेवताना खांदे वर चढू नयेत म्हणून ती बाई खुर्ची आणखी वर घेते, आणि पाय सुटतात. इथं खुर्ची बदलून भागत नाही, पायाखाली काहीतरी घ्यावंच लागतं. घरात पडून असलेला जेवणाचा पाट चालतो. एक पुरला नाही तर सुताराकडून पाच-सहा इंचांचा उतरता ठोकळा करून घ्यावा.

पाठीबद्दल लहानपणापासून एकच ऐकलेलं असतं, ‘ताठ बस’. स्वीडनचे डॉक्टर आल्फ नाखेमसन यांनी 1960च्या दशकात जिवंत माणसांच्या मणक्यांमधल्या चकतीत सुई घालून दाब मोजला. आधाराशिवाय बसलं की कमरेच्या चकतीवरचा दाब उभं राहण्यापेक्षा जास्त भरला. पाठ टेकून जरा मागं रेललं की तो उतरला. म्हणून कमरेच्या खळग्यात नीट बसणारा उंचवटा हवा आणि पाठ मागं झुकायला हवी. बैठकीची खोली इतकीच असावी, की पाठ पूर्ण टेकल्यावर गुडघ्यामागं दोन-तीन बोटं मोकळी राहतील.

आणि मांडी. आपण जमिनीवर वाढलेली माणसं. तासाभरानं एक पाय वर येतोच, कधी दोन्ही येतात. दुकानदार हातांच्या खुर्चीचं कौतुक करील, पण ते हात वर उचलता किंवा बाजूला करता येत नसतील तर गुडघे अडतात. मांडी घालायची सवय असेल तर ती लपवू नका, दुकानातच घालून बघा. कुठल्याही एका बैठकीत फार वेळ राहू नये, हे खरंच आहे.

एक विनंती आहे. दुकानात बसून बघण्याआधी पायातले बूट, चपला काढा. घरी आपण अनवाणी काम करतो, आणि चपलेच्या तळाचा एक इंच सगळं माप चुकवतो. टेबलाची उंची घरून मोजून न्या, दुकानात तेवढ्याच उंचीचं टेबल मागा, खुर्ची त्याला लावा आणि निदान पंधरा मिनिटं तिच्यात बसा. दुकानदार घाई करू लागला तर दुसऱ्या दुकानात जा.