दुपारनंतरची पहिली नोंद

आम्ही दोघी जावा. थोरली शिरूरच्या दुकानात बसते, धाकटी दौंडच्या. कापडाचे दुकान सासऱ्यांनी शिरूरला सुरू केले, दौंडचे नंतर झाले. लग्नाचे बस्ते हप्त्यांवर जातात, त्यामुळे उधारीचा हिशेब सांभाळणे हे कापड विकण्याइतकेच मोठे काम. पूर्वी दोन्हीकडे वह्या होत्या आणि महिन्यातून एकदा दौंडची वही चौफुला-न्हावरा मार्गे शिरूरला यायची. मग शिरूरला एक मुख्य संगणक बसवला, ज्याला सर्व्हर म्हणतात. दौंडचा संगणक इंटरनेटवरून त्याच्याच मायएसक्यूएलमध्ये नोंदी करू लागला. वह्या माळ्यावर गेल्या.

एके दिवशी शिरूरहून थोरलीने दौंडच्या एका खालांना फोन केला, "खाला, १,२०० रुपयांचा हप्ता राहिलाय." खालांचा फोन स्पीकरवर होता आणि समोर सुनेच्या माहेरची माणसे बसलेली. खाला एवढेच म्हणाल्या, "बेटा, जोहर पढून, तुमचं दुकान उघडल्या उघडल्या मी आले होते. तुझ्या जावेच्या हातात पैसे दिले."

धाकटीला आठवले. पैसे घेतले होते, नोंद करताना पडदा गोठला होता. ती प्रोग्रॅम बंद करून पुन्हा उघडेपर्यंत खाला निघून गेल्या आणि पुढचे गिऱ्हाईक आले. उधारी लिहून ठेवण्याविषयीची सूरह बकराची २८२वी आयत ही कुरआनातली सर्वांत लांब आयत, हे आम्हाला लहानपणापासून माहीत. आम्ही लिहीत होतो, पण लिहिलेले पोहोचले का, हे पाहत नव्हतो. त्या रात्री आम्ही दोघीही नीट झोपलो नाही.

संपर्क तुटण्याची तक्रार तशी जुनीच होती. आधी विजेला दोष दिला आणि यूपीएस घेतला. मग केबल बदलली. मग इंटरनेटवाल्याशी भांडलो. तो दर वेळी म्हणायचा, लाईन चालू आहे, आणि खरे सांगायचे तर ती चालूच असायची. त्याच वेळी आम्ही एकमेकींशी व्हॉट्सॲपवर बोलत असायचो!

खालांच्या बोलण्यातले "दुकान उघडल्या उघडल्या" धाकटीच्या डोक्यात राहिले. तिने पंधरा दिवस तुटण्याच्या वेळा लिहून काढल्या. जवळजवळ सगळ्या दुपारच्या सुट्टीनंतरच्या पहिल्या नोंदीच्या, काही जुम्याच्या नमाजनंतरच्या. भर गर्दीत एकही नाही. शिरूरच्या दुकानातला दुसरा संगणकही दुपारी तसाच पडून असतो, पण त्याचा संपर्क कधी तुटला नव्हता.

पुण्यात नोकरीला असलेल्या भाच्याला हे सांगितले, तर तो म्हणाला, अर्धे काम तुम्हीच केलेत. मायएसक्यूएल स्वतः गप्प बसलेला संपर्क तोडते, पण मूळ सेटिंगमध्ये २८,८०० सेकंदांनी, म्हणजे आठ तासांनी. शिवाय दोष सर्व्हरचा असता तर शिरूरचा संगणकही तुटला असता. मग मधले काहीतरी. त्याच्या सांगण्यावरून आम्ही फोन कानाला लावून बसलो. दहा मिनिटे थांबून नोंद केली, झाली. वीस मिनिटांनी, झाली. तीस मिनिटांनी पडदा गोठला.

वाटेतला राउटर कोणता संगणक कोणाशी बोलतो आहे याची यादी ठेवतो. बराच वेळ कोणी बोलले नाही, की ती ओळ पुसून टाकतो आणि कोणालाच कळवत नाही. दोन्ही टोकांना वाटत राहते, समोरचा आहे. इंटरनेटचे नियम ठरवणाऱ्या आयईटीएफने २००८ मध्ये सांगून ठेवले आहे की अशी ओळ किमान २ तास ४ मिनिटे ठेवावी. सर्व पेट्या ते पाळत नाहीत. सर्व्हर मधूनमधून "आहेस ना?" असे विचारू शकतो, त्याला कीपअलाइव्ह म्हणतात, पण आमच्या लिनक्स सर्व्हरवर ते मुळात ७,२०० सेकंदांनी, म्हणजे दोन तासांनी सुरू होणारे. तोवर ओळ पुसली गेलेली. भाच्याने ते ३०० सेकंदांवर आणले. सर्व्हर इंटरनेटवर असा उघडा ठेवल्याबद्दल बोलणीही खाल्ली. तेही त्याने मग बंदिस्त केले.

त्या दिवसापासून दुपारचे गोठणे थांबले. पण त्याने सांगितलेली दुसरी गोष्ट आम्हाला जास्त लागली. उत्तर आले नाही म्हणजे नोंद झाली नाही, असे नसते. कधी नोंद सर्व्हरवर पोहोचते आणि परतीच्या वाटेवर उत्तरच हरवते. अशा वेळी पुन्हा नोंद केली की एकच हप्ता दोनदा जमा होतो. मागचा गल्ला ताडून पाहिला, तर चार नोंदी हरवलेल्या आणि एक खरोखरच दुहेरी निघाली. आता प्रत्येक हप्त्याला पैसे घेतानाच क्रमांक पडतो आणि तोच क्रमांक सर्व्हर दुसऱ्यांदा घेत नाही. पडदा गोठला, तर आधी खाते उघडून बघायचे, मगच लिहायचे.

खालांकडे आम्ही दोघी मिळून गेलो, सुधारलेला हिशेब घेऊन. सुनेला मुद्दाम जवळ बसवून, चूक आमची होती, हे सांगितले. खालांनी चहा पाजला, विषय वाढवला नाही. मात्र आता पावती हातात पडेपर्यंत त्या काउंटरवरून हलत नाहीत आणि बारीक अक्षर दिसत नसल्याने रक्कम धाकटीकडून मोठ्याने वाचून घेतात.