खुर्चीआधी बादली

प्लास्टिकच्या पुनर्प्रक्रियेवरचं प्रदर्शन भरवलं की गर्दी होते ती रंगीबेरंगी ठिपक्यांच्या खुर्चीभोवती. मला तिचं मोल ठाऊक आहे. जेन अॅटफिल्ड या ब्रिटिश डिझायनरने १९९२ मध्ये वापरलेल्या बाटल्यांच्या प्लास्टिकपासून बनलेल्या फळ्यांची खुर्ची केली आणि त्यातले ठिपके मुद्दाम दिसू दिले. २०१३ मध्ये डेव्ह हाकेन्स या डच तरुणाने प्लास्टिकचा चुरा करणारी, वितळवणारी, साच्यात दाबणारी छोटी यंत्रं घडवली आणि त्यांचे आराखडे सर्वांना फुकट दिले. ‘प्रेशस प्लास्टिक’ची चळवळ त्यातूनच उभी राहिली. पण नुसती खुर्ची पाहून घरी गेलेल्या माणसाला वाटतं, कुठलंही प्लास्टिक वितळवलं की काम झालं.

तसं नसतं. म्हणून माझ्या मांडणीत खुर्चीच्या आधी पाण्याची बादली असते. पाण्याच्या बाटलीचे आणि तिच्या झाकणाचे तुकडे त्यात टाकायचे. बाटली पेट (PET) या प्लास्टिकची, घनता पाण्याच्या सुमारे १.३८ पट, ती बुडते. झाकण पॉलिएथिलीनचं किंवा पॉलिप्रॉपिलीनचं, ते तरंगतं. मुलं कोपरापर्यंत हात घालून हे करून बघतात, आणि एकाच वस्तूत दोन वेगळी प्लास्टिकं होती हे त्यांना सांगावं लागत नाही. मग मी पीव्हीसीचा तुकडा टाकते. तोही बुडतो! इथे बादली हरते. पेट वितळायला साधारण २५० अंश लागतात. तेवढ्या उष्णतेत पीव्हीसी विघटित होऊन हायड्रोजन क्लोराइड सोडतं आणि जरासं मिसळलं तरी सगळा माल नासवतं. चिप्सच्या पाकिटाची तर गोष्टच वेगळी. एकमेकांना चिकटवलेले पापुद्रे कुणी सुटे करायचे?

बादली हरते तिथे अनुभवी हात कामाला येतात. धारावीतल्या गाळ्यांत काय किंवा पुण्यातल्या कचरावेचक बायांकडे काय, तुकडा वाकवून, आपटून, आवाज ऐकून माल ओळखला जातो. पुण्यात कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत १९९३ पासून या लोकांची संघटना म्हणून उभी आहे. त्यांचं ज्ञान आमच्या डिझाइनच्या अभ्यासक्रमांत नाही, याचा मला मनापासून राग येतो. डिझायनरने ते आधी शिकलं, तर निम्मा गुंता कारखान्यातच सुटेल. कोका-कोलाने २०२२ मध्ये अमेरिकेत स्प्राइटची हिरवी बाटली पारदर्शक करायला घेतली, कारण रंगीत पेटपासून पुन्हा बाटली होणं अवघड असतं. युरोपीय संघात जुलै २०२४ पासून पेयांच्या प्लास्टिक बाटल्यांचं झाकण बाटलीला जोडलेलंच ठेवावं लागतं, म्हणजे ते सुटं होऊन हरवत नाही. दोन्ही निर्णय ड्रॉइंग बोर्डावरचे आहेत.

प्रदर्शन भरवणाऱ्यांना माझी विनंती आहे: उद्घाटनाला पाहुणे बोलवालच, पण माल निवडणाऱ्या एखाद्या ताईंना मानधन देऊन दिवसभर टेबलापाशी बसवा आणि लोकांना त्यांच्याकडून शिकू द्या. आणि वाचकहो, उद्या सकाळी दुधाची पिशवी उघडताना तिचा कोपरा कापून वेगळा पाडू नका, नुसती चीर द्या. तो चिमुकला तुकडा कुणालाच वेचता येत नाही. पिशवीला चिकटून राहिला तर तिच्याबरोबर भंगारात विकला जातो.