म्हशीचा विमा आणि माझा मोबाईल

टप्!

आवाज तसा बारीकच होता, पण काळजाचा ठोका चुकला. काखेत ड्रॉइंग शीटची गुंडाळी, एका हातात जर्नल, दुसऱ्या हातात पाण्याची बाटली आणि तिच्याच जोडीला मोबाईल, अशी सर्कस करत मी होस्टेलचा जिना चढत होतो. व्हायचं तेच झालं. मोबाईल पालथा पडला. उलटा करून बघायची हिंमतच होईना. शेवटी बघितला, तर काचेवर कोळ्याचं जाळं आणि खाली एक हिरवी रेघ!

तुमच्यापैकी निम्म्या लोकांनी हा क्षण अनुभवला असेल. उरलेले निम्मे लवकरच अनुभवतील.

आता थोडा फ्लॅशबॅक. हा मोबाईल अप्पांनी दिवाळीच्या सुट्टीत घेऊन दिला होता. सोयाबीन विकून आम्ही दोघं बार्शीतल्या दुकानात गेलो. किंमत १५,४९९. बिल करता करता दुकानदार म्हणाला, "वरून १,२९९ भरा, वर्षभर टेन्शन नाही. फुटला तर कंपनी बघेल." अप्पांनी माझ्याकडे बघितलं.

मीही तयारीनिशी गेलो होतो. एम-थ्रीला प्रोबॅबिलिटी होती ना! आमच्या विंगमध्ये मुलं २४, त्यातल्या ५ जणांचे स्क्रीन वर्षभरात फुटलेले. दुरुस्ती साधारण ३,८०० रुपये. ३,८०० ला २४ ने भागा, ५ ने गुणा. आले साधारण ७९२. म्हणजे ७९२ रुपयांच्या धोक्यासाठी १,२९९ मोजायचे, आणि वर प्रत्येक क्लेमला पहिले ५०० आपल्याच खिशातून! कंपनीला ऑफिसचा खर्च आहे, दुकानदाराचं कमिशन आहे, नफा आहे, सरकारचा १८ टक्के जीएसटी आहे. ते सगळं मी का भरू? "नको," मी ऐटीत म्हणालो. अप्पा एकदम खूश. दुकानदाराला म्हणाले, "पोरगं इंजिनिअरिंगला हाय!" बाहेर आल्यावर त्यांनी तेच तेराशे माझ्या हातात ठेवले. "वाचवलंस ना, र्‍हाऊ दे तुझ्याकडंच."

आणि आता तेच पोरगं दुरुस्तीच्या दुकानात उभं होतं.

"नुसती काच बदलून मिळेल का हो?"

"काच आणि डिस्प्ले चिकटलेलं असतंय भाऊ. आख्खा फोल्डर बदलावा लागेल. ओरिजिनल ३,८००, कॉपी १,८००."

खिशात ३४० रुपये. बरं, मोबाईल बंद म्हणजे नुसता फोन बंद नाही. यूपीआय बंद, ओटीपी बंद, सबमिशनच्या पीडीएफ आत अडकलेल्या. मेसचे पैसे भरायचे तर तेही त्याच काचेच्या पलीकडे!

रूमवर आलो तर रूम पार्टनर गालातल्या गालात हसत होता. त्याने असाच प्लॅन घेतलेला आणि महिन्याभरापूर्वी त्याचाही मोबाईल आपटलेला. बिल, फोटो, फोनाफोनी यात १२ दिवस गेले खरे, पण ५०० रुपयांत ओरिजिनल स्क्रीन मिळाला. समोरच्या रूममधल्याची मात्र वेगळीच तऱ्हा. त्याचा मोबाईल मेसच्या टेबलावरून गायब झाला, तेव्हा कळलं की त्याच्या प्लॅनमध्ये फुटणं आहे, चोरी नाही! बिचाऱ्याने पोलिसांत तक्रार देऊन, संचार साथीवर आयएमईआय टाकून फोन ब्लॉक केला आणि गप्प बसला.

मग बरोबर कोण? हिशोब तर मी दोनदा तपासला. चूक सापडेना.

रात्री पार्टनरच्या मोबाईलवरून घरी फोन लावला. धीर गोळा करून सांगून टाकलं. पलीकडे थोडा वेळ शांतता. वाटलं, आता शिव्या पडणार. पण अप्पा एवढंच म्हणाले, "विमा नको म्हणालास ते चुकलं न्हाई. पर ते तेराशे कुठं हायत?"

आता काय सांगू? त्या तेराशेंचे ब्लूटूथ इअरफोन झाले होते, आणि उरलेल्याची बिर्याणी.

"आपल्या म्हशीच्या कानात बिल्ला हाय बघ," अप्पा म्हणाले. "विमा हाय तिचा. विहिरीवरच्या मोटरीचा न्हाई. का? मोटर जळाली तर रिवाइंडिंगचं पैसं डब्यात असत्यात. म्हैस गेली तर सत्तर हजार कुठनं आणू?"

मी गप्प! एम-थ्रीचं आख्खं पुस्तक अप्पांनी गोठ्यात उभं राहून शिकवलं होतं.

पुढे लायब्ररीत कळलं की हीच गोष्ट डॅनिएल बर्नुलीने १७३८ साली मांडली आहे. हो, फ्लुइड मेकॅनिक्समधला तोच आपला बर्नुली! एक व्यापारी ॲमस्टरडॅमहून सेंट पीटर्सबर्गला १०,००० रुबलचा माल आणतोय. शंभरातली ५ जहाजं बुडतात, म्हणजे सरासरी धोका ५०० रुबल. विम्याचा हप्ता मात्र ८००. घ्यावा का? बर्नुली म्हणतो, ते त्याच्याकडे बाकी किती पैसा आहे त्यावर ठरेल. ५,०४३ रुबलपेक्षा कमी असेल तर हा महाग विमाही घ्यावा. जास्त असेल तर खुशाल धोका पत्करावा.

म्हणजे माझी सरासरी बरोबर होती, पण मी नुसती सरासरीच बघितली. फुटतो तेव्हा ७९२ रुपयांचा फुटत नाही, ३,८०० चाच फुटतो. आणि विमा नाकारला की आपणच आपली विमा कंपनी होतो. मग कंपनीसारखी गंगाजळी नको? मी तर पहिलाच हप्ता बिर्याणीत घालवला!

असो. ३,८०० रुपये अप्पांनी त्याच मोटरीच्या डब्यातून पाठवले. त्या उन्हाळ्यात मोटर जळू नये म्हणून मी केलेले नवस एखाद्या इंजिनिअरिंगच्या विद्यार्थ्याला शोभणारे नव्हते. जळली नाही, नशीब! ते पैसे आता थोडे थोडे परत करतोय. २५० रुपयांचं कव्हर आणि टेम्पर्ड ग्लास घेतलंय. आणि कपाटात बिस्किटांचा एक रिकामा डबा ठेवलाय. महिन्याला १५० रुपये त्यात, आणि सबमिशनच्या आदल्या रात्री भूक लागली तरी त्याला हात लावायचा नाही.

परवा एक ज्युनिअर विचारायला आला, "दादा, नवीन मोबाईल घेतोय, प्लॅन घेऊ का?" मी म्हटलं, "उद्या फुटला तर चार हजार आहेत का तुझ्याकडे?" तो म्हणाला, "नाहीत. पण सांभाळून वापरीन."

मी काही बोललो नाही. त्याच्या एका हातात जर्नल होतं, दुसऱ्या हातात पाण्याची बाटली आणि तिच्याच जोडीला जुना मोबाईल...

— तृतीय वर्ष, यंत्र अभियांत्रिकी